प्राचीन ग्रीकमधील द्वितीयपुरुषवाचक सर्वनामे कशी शिकावीत

रत्नागिरी-सिंधुदुर्गात शाळेत संस्कृत शिकलेल्या वाचकाने प्राचीन ग्रीकची सर्वनामे पाठ करायला घेण्यापूर्वी क्रियापदांचे प्रत्यय पक्के करावेत. मालवणीत ‘खंय गेल्लंस?’ एवढे विचारले, तरी ‘तू’ वेगळे म्हणावे लागत नाही. ग्रीकमध्येही नुसते ‘लेगेइस’ म्हणजे ‘तू बोलतोस’ आणि ‘लेगेते’ म्हणजे ‘तुम्ही बोलता’. म्हणून प्रथमेचे सर्वनाम वाक्यात दिसले, की ते तिथे कशासाठी आले, हे आधी शोधावे. बहुधा जोर किंवा विरोध दाखवायचा असतो. इ.स.पू. ३९९ मधील खटल्यासंबंधीच्या प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’त सॉक्रेटिस पहिल्याच वाक्यात न्यायसभेला ‘ह्यूमेइस’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणतो, कारण लगेच पुढे त्याला ‘एगो’, म्हणजे ‘मी’, असे स्वतःला वेगळे काढायचे आहे.

ॲटिक, म्हणजे अथेन्सच्या, बोलीत एकवचनी प्रथमा ‘स्यू’, द्वितीया ‘से’, षष्ठी ‘सू’ आणि चतुर्थी ‘सोइ’ अशी आहे. अनेकवचनात त्याच क्रमाने ‘ह्यूमेइस’, ‘ह्यूमास’, ‘ह्यूमोन’, ‘ह्यूमीन’ ही रूपे येतात. ‘आम्ही’साठी ‘हेमेइस’ असल्यामुळे पहिला स्वर नीट उच्चारूनच पाठांतर करावे. पुढील काळात हे दोन्ही उच्चार एक झाले आणि हस्तलिखितांत त्यांची अदलाबदल होऊ लागली.

खरे लक्ष ‘से’, ‘सू’, ‘सोइ’ यांच्या आघातावर द्यावे. आघातहीन रूप मागच्या शब्दाला टेकून राहते आणि वाक्यारंभी येऊ शकत नाही. संध्याकाळी घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या रामरक्षेतील ‘शिरो मे राघवः पातु’ यातला ‘मे’ असाच आहे, आणि ‘ते’, ‘वः’ ही संस्कृत रूपेही त्याच जातीची. जोर असेल तेव्हा, आणि सहसा शब्दयोगी अव्ययानंतरही, आघातयुक्त रूप घ्यावे.

अभिजात ग्रीकमध्ये आदरार्थी अनेकवचन नाही, आणि मराठी वाचक अडतो तो इथेच. देव, राजा, गुलाम, कोणीही एकटा असला तरी ‘स्यू’. सरावाच्या वहीत एकवचनाचे भाषांतर निरपवाद ‘तू’ असेच करावे, असे माझे मत आहे. आपण देवाला तूच म्हणतो, तेव्हा राजाला म्हटल्याने फार बिघडत नाही. ‘तुम्ही’ की ‘आपण’, हा निर्णय पक्क्या भाषांतरापर्यंत लांबवावा, नाहीतर मूळचे वचन हातून निसटते.

‘सोस’ आणि ‘ह्यूमेतेरोस’ ही स्वामित्वदर्शक विशेषणे ‘तुझा’, ‘तुमचा’ यांच्याप्रमाणेच पुढच्या नामाचे लिंग-वचन घेतात, त्यामुळे ती सहज जमतात.

ॲटिकमध्ये द्विवचनात ‘स्फो’ आणि ‘स्फोन’ एवढी दोनच रूपे असून ‘युवाम्’ पाठ असलेल्याला ती जड जाऊ नयेत. होमर किंवा प्लेटो वाचायचा असेल तर ती शिकावीतच; मात्र चौलचा ‘सेम्युल्ला’ असा उल्लेख करणारा, साधारण इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापारावरचा ग्रंथ एवढाच वाचायचा असेल, तर ती सोडून द्यायला हरकत नाही, कारण त्या काळच्या कोइने, म्हणजे सर्वत्र चालणाऱ्या सामान्य, ग्रीकमधून द्विवचन गेलेले होते.