जुन्या इलेक्ट्रिक गिटारचं वय आणि किंमत ठरवताना या चुका टाळा

जुन्या गिटारवर सापडणारी प्रत्येक तारीख ही त्या एका भागाची तारीख असते. नेकवरचा, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्यावरचा, शिक्का नेकचं वय सांगतो; पॉटवरचा, म्हणजे आवाज-टोनच्या बटणाखालच्या भागावरचा, आकडा पॉटचं. गिटार जुळून तयार झाली ती या सगळ्यांतल्या सर्वांत उशिराच्या मूळ भागानंतर. हे ध्यानात न ठेवल्यामुळे पुढच्या बहुतेक चुका होतात.

फक्त सीरियल नंबरवर विसंबणं

फेंडर कंपनीच्या १९७६ पर्यंतच्या बहुतेक गिटारांवर नंबर असतो तो नेक धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीवर. कारखान्यात या पट्ट्या क्रमाने लावल्या जात नव्हत्या, त्यामुळे लागोपाठचे नंबर असलेल्या दोन गिटारांमध्ये कित्येक महिन्यांचं अंतर असू शकतं. शिवाय चार स्क्रू काढले की पट्टी बदलता येते. १९७६ नंतर नंबर हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या खुंट्या असलेल्या टोकावर, आला. तिथे अक्षर दशक दाखवतं आणि त्यापुढचा आकडा वर्ष: एस म्हणजे सत्तरचं दशक, ई म्हणजे ऐंशीचं. पण एस९ नंबरची नेक १९८० च्या गिटारवरही सापडते.

गिब्सन कंपनीचा गोंधळ याहून मोठा. १९५३ ते १९६० च्या सॉलिड बॉडी (भरीव लाकडाच्या) गिटारांवर शाईचा शिक्का असतो आणि पहिला आकडा वर्षाचा, म्हणजे ९ असेल तर १९५९. १९६१ पासून नंबर लाकडात ठोकले जाऊ लागले आणि त्या दशकात तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरले गेले. एकाच नंबरसमोर नंबरांच्या यादीत तीन-चार वर्षं दिसतात ती त्यामुळेच. अशा वेळी आधी नटची, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची, रुंदी मोजा. १९६५ च्या आसपास ती साधारण ४३ मिलिमीटरवरून ४० वर आली. हेडस्टॉकचा कोनही त्याच सुमारास १७ अंशांवरून १४ वर आला. हेडस्टॉकच्या मागे ‘मेड इन यूएसए’ ठोकलेलं असेल, तर गिटार साठच्या दशकातली असण्याची शक्यता जवळजवळ संपते.

गिब्सनचा १९७७ पासूनचा आठ आकडी नंबर लोक हमखास उलटा वाचतात. ८०२५२५०१ म्हणजे १९८० नव्हे. पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होतं, ८२. त्या दोघांमधले तीन आकडे म्हणजे वर्षातला दिवस, ०२५, अर्थात २५ जानेवारी. शेवटचे तीन आकडे ५०० किंवा त्याहून मोठे म्हणजे नॅशव्हिलचा कारखाना. १९८४ मध्ये कॅलमझूचा कारखाना बंद होईपर्यंत त्याहून लहान आकडे तिथले.

एक सापळा मात्र फार जणांना अडकवतो. १९९० पासून निघालेल्या गिब्सनच्या लेस पॉल क्लासिक या मॉडेलवर मुद्दाम जुन्या धाटणीचा शाईचा नंबर आहे. तो पाहून ‘१९६० ची लेस पॉल’ म्हणून विकायला काढलेली गिटार बऱ्याचदा नव्वदच्या दशकातली निघते.

नेकवरचा शिक्का दिनांक समजणं

१९६२ नंतरच्या फेंडर नेकच्या टाचेवर (बॉडीत बसणाऱ्या टोकावर) ‘२ मार्च ६३ बी’ अशा धर्तीचा शिक्का असतो. यातला २ म्हणजे तारीख नव्हे, तो स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलचा सांकेतिक आकडा. बी म्हणजे नटची रुंदी, १ ५/८ इंच. वयाची माहिती आहे ती फक्त महिना आणि वर्षात.

हा शिक्का बघायला नेक काढावी लागते, आणि इथेच नुकसान होतं. आधी तारा पूर्ण सैल करा. स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या. सांध्यात लॅकर चिकटलेलं दिसलं तर धारदार पात्याने त्या रेषेवरून हलकेच एकदा फिरवा; जोर लावून उचकटू नका, रंगाचा टवका निघतो. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात ‘टक’ करून बसला की मगच आवळा. नाहीतर लाकडात नवे आटे पडतात आणि पकड जाते.

पॉटचा कोड चुकीचा लावणं

पॉटच्या पाठीवरचे पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. पुढे वर्ष आणि शेवटचे दोन आकडे आठवड्याचे. ३०४६३२० म्हणजे १९६३ चा २० वा आठवडा, मेचा मध्य. पन्नासच्या दशकात वर्षाला एकच आकडा होता, म्हणून ३०४४२३ हा १९५४ चा २३ वा आठवडा.

वरचा मार्च ६३ चा शिक्का आणि हा मेचा पॉट एकाच गिटारमध्ये असतील तर काहीच बिघडलेलं नाही. गिटार मे १९६३ नंतर जुळली, इतकंच. नेक १९६८ ची आणि पॉट १९६६ चे असले तरी दचकू नका. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढची काही वर्षं पुरला. पॉट नेकपेक्षा दोन-तीन वर्षांनी नवे असतील तेव्हा मात्र थांबा आणि सोल्डर बघा. जोडावर दोन छटांचं सोल्डर, वितळलेलं वायरचं कापड, वायरीचं कापलेलं जुनं टोक, यांपैकी काहीही दिसलं तर पॉट बदललेला आहे.

आणि फक्त कोड वाचण्यासाठी सोल्डर कधीही वितळवू नका. न छेडलेला जोड हाच मूळपणाचा पुरावा आहे, आणि तो पुन्हा तयार करता येत नाही.

१९५९ ते ६४ च्या स्ट्रॅटोकास्टरवरचं हिरवट झाक असलेलं सेल्युलॉइड पिकगार्ड (बॉडीवरचं संरक्षक पान) वर्षांनुवर्षं आकसत जातं. उचलल्यावर एखादं भोक परत जुळत नाही. जुळलं नाही तर तो स्क्रू केसमध्ये जपून ठेवा. दाबून बसवायला गेलात तर कोपरा तडकतो.

पिकअप उघडून बघणं

गिब्सनच्या हंबकरखाली (तारांची कंपनं विजेत बदलणारा दोन कॉइलचा पिकअप) ‘पेटंट अप्लाइड फॉर’ लिहिलेली पट्टी १९५७ ते साधारण १९६२ च्या काळातली. त्यानंतर पेटंट क्रमांक आला, २,७३७,८४२. हा क्रमांक मुळात लेस पॉलच्या ट्रॅपीझ टेलपीसचा, म्हणजे तारांची मागची टोकं धरणाऱ्या भागाचा, आहे, पिकअपचा नाहीच, म्हणून पेटंटच्या तारखेवरून वय काढायला जाऊ नका. पट्ट्यांच्या नकलाही मिळतात. झाकण कारखान्यातल्या सोल्डरने बंद असलेल्या पिकअपला वेगळी किंमत येते, तेव्हा ते सोडवू नका.

पिकअप जिवंत आहे का, हे न उघडता कळतं. जॅकमध्ये केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, एकच पिकअप निवडा आणि प्लगच्या दोन टोकांवर मल्टिमीटर धरा. जुन्या स्ट्रॅटोकास्टरला साधारण ५.५ ते ६.५ किलोओहम दिसतात, जुन्या हंबकरला ७ ते ९. स्ट्रॅटोकास्टरवर २५० किलोओहमच्या आसपास आकडा आला तर कॉइल तुटलेली आहे आणि तुम्ही नुसता पॉट मोजताय.

रंग नीट न बघता भाव ठरवणं

रंग पुन्हा मारला असेल तर किंमत ढोबळमानाने निम्म्यावर येते. म्हणून अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च फिरवा. जुनं नायट्रो लॅकर पिवळट-हिरवं चमकतं, अलीकडे फवारलेलं गडद राहतं. हेडस्टॉक आणि नेकच्या जोडापाशी गडद पट्टा दिसला तर मोडलेला भाग दुरुस्त करून झाकला असण्याची शक्यता धरा. दुरुस्ती कितीही सफाईदार असली तरी तिथेही भाव निम्म्याच्या आसपास घसरतो. १९६४ पर्यंतच्या फेंडर बॉडीवर पिकगार्डखाली खिळ्यांची भोकं असतात. रंग वाळेपर्यंत बॉडी त्या खिळ्यांवर टेकवलेली असे, म्हणून मूळ रंगात ती भोकं आतून कोरी दिसतात. भोकात रंग भरलेला असेल तर तो नंतर मारलेला आहे.

दुर्मीळ कस्टम रंगाच्या गिटारला ही तपासणी दुप्पट काटेकोरपणे करा, कारण खोटेपणा सर्वांत जास्त तिथेच होतो.

मागितलेला भाव हाच बाजारभाव मानणं

जाहिरातीत लिहिलेली रक्कम ही मालकाची इच्छा असते. तेच मॉडेल, तेच वर्ष आणि तशाच अवस्थेतली गिटार प्रत्यक्षात कितीला विकली गेली, ते शोधा. व्यापारी यापेक्षा कमी देणार, कारण त्याला दुरुस्ती, हमी आणि नफा त्यातूनच काढायचा असतो. विम्यासाठी काढलेलं मूल्यांकन तशीच दुसरी गिटार घेण्याच्या खर्चावर ठरतं, म्हणून ते विक्रीच्या भावापेक्षा बहुधा वर असतं.

विकण्याआधी पॉलिश, नवे फ्रेट, चकचकीत खुंट्या यांवर खर्च करू नका. बदललेले जुने भाग, अगदी गंजलेले स्क्रूसुद्धा, गिटारसोबत द्या. नवी भोकं न पाडता बदललेल्या खुंट्या परत मूळ बसवता येतात आणि तोटा जवळजवळ भरून निघतो.

फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) ब्राझिलियन रोझवुडचा असेल तर परदेशातला ग्राहक पक्का करण्याआधी कागदपत्रं बघा. हे लाकूड १९९२ पासून धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. परवान्याशिवाय सीमा ओलांडून विकलेली गिटार सीमाशुल्क विभाग जप्त करू शकतो.