बोटीला आग लागू नये म्हणून या चुका टाळा

28 फेब्रुवारी 2025 ला अलिबागला आक्षीसमोर समुद्रात मासेमारीची बोट पेटली, सुदैवाने 18 च्या 18 खलाशी वाचले. तेव्हापासून छोट्या प्रायव्हेट बोटी ठेवणाऱ्या ओळखीच्या सगळ्यांना मी हेच सांगत सुटलोय, की बाबांनो आग वर दिसते पण तिची तयारी खाली, इंजिनखालच्या तळात, म्हणजे बिल्जमध्ये झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक पेट्रोल भरताना होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, खाली उतरते आणि बिल्जमध्ये साचून राहते, आणि आपलं नाक असतं वर. म्हणून नुसतं उभं राहून वास घेतला आणि काही आलं नाही म्हणून किल्ली फिरवली असं करू नका, हॅच, म्हणजे इंजिनवरचं झाकण, उघडून वाकून खाली वास घ्या. सुटा टँक असेल तर तो जेट्टीवर उतरवूनच भरा. फिक्स टँक असेल तर भरताना सगळ्यांना खाली उतरवा, केबिनची दारं-खिडक्या बंद, इंजिन बंद, गॅस बंद, आणि भरून झालं की सगळं उघडून हवा खेळू द्या. इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं पेट्रोल इंजिन असेल तर स्टार्ट करायच्या आधी ब्लोअर, म्हणजे खालची वाफ बाहेर फेकणारा पंखा, किमान 4 मिनिटं चालवायचा, घाई असली तरी.

एकदा मी कॅनमधून भरताना थोडं सांडलं, फडक्याने पुसलं आणि निघालो होतो, तेवढ्यात बाजूच्या बोटीवरचे तांडेल मामा ओरडले, "किल्ली लावू नको रे, आधी फळी उचल!" फळी उचलली तर खाली वास नुसता घुमत होता. अशा वेळी एकही स्विच दाबायचा नाही, ब्लोअरचा पण नाही, बिल्ज पंपचा तर नाहीच, कारण ठिणगी तिथूनच पडू शकते. माणसं उतरवा, हॅच उघडे टाका, वास पूर्ण जाईपर्यंत थांबा आणि गळती कुठून आहे ते शोधा.

डिझेल आहे म्हणून निर्धास्त राहणारे पण खूप आहेत. डिझेल पेट्रोलसारखं पटकन पेटत नाही हे खरं, पण इंजेक्टरच्या पाइपला बारीक चीर गेली आणि फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर उडाला तर ते पण पेटतं. पाइप, क्लिप दर फेरीला हात लावून बघा.

दुसरी चूक वायरिंगची. खाऱ्या हवेत साधी तांब्याची वायर आतून हिरवी होते, जोड सैल होतो आणि तिथेच गरम व्हायला लागतो. फ्यूज वारंवार उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकणं म्हणजे वायरलाच फ्यूज करणं, आधी का उडतोय ते बघा. वायर टिनवाली मरीन, म्हणजे बोटीसाठीची टिनचा मुलामा दिलेली, वापरा, बॅटरीचे टर्मिनल घट्ट करा, फ्यूज बॅटरीच्या जवळच ठेवा. पेट्रोल इंजिनवर गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर स्वस्त मिळतो म्हणून बसवू नका, मरीनवाल्यात ठिणगी बाहेर पडू नये अशी बंदिस्त रचना असते, गाडीच्यात ती नसते.

केबिनमध्ये गॅसचा सिलेंडर ठेवत असाल तर तो आत ठेवूच नका, तो गॅस पण हवेपेक्षा जड. बाहेर उघड्या जागी ठेवा, चहा झाला की शेगडीचा नाही, सिलेंडरचा वॉल्व्ह बंद करा. मोबाईल, टॉर्च, ड्रोनच्या लिथियम बॅटऱ्या झोपताना चार्जिंगला लावू नका. 2019 च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन नावाच्या डायव्हिंग बोटीला रात्री आग लागून 34 माणसं गेली, त्या रात्री जागं राहून बोटभर फेरी मारणारं कोणीही नव्हतं.

आता लागलीच तर. इंजिनमधून धूर येतोय म्हणून हॅच पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो. इंजिन आणि इंधन बंद करा, फटीतून किंवा छोट्या भोकातून एक्स्टिंग्विशर, म्हणजे आग विझवायचा सिलेंडर, मारा. छोटा पावडरचा सिलेंडर फार तर दहा-बारा सेकंद चालतो, म्हणून आगीच्या बुडाशी मारायचा. आणि तो केबिनच्या आत खोल नको, दाराजवळ हवा, म्हणजे आगीतून वाट काढत जावं लागणार नाही. त्याच्यावरचा दाबाचा काटा हिरव्यात आहे का बघा, महिन्यातून एकदा उलटा करून हलवा, पावडर खाली घट्ट बसते.

आग मागे असेल तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे करा म्हणजे ज्वाळा माणसांवर येणार नाहीत. लाइफ जॅकेट आधी, विझवणं नंतर. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल 16 वर मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, फोनवरून कोस्ट गार्डचा 1554, हा नंबर बोटीवर रंगानेच लिहून ठेवा.