उघडलेलं इंजिन उघडंच राहील अशी खोली

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सतरा वर्षं मी जुन्या मोटरसायकलींची कामं केली. रविवारी सकाळी नऊला गाडी उघडायची आणि संध्याकाळी सहाला सेक्रेटरी फेरी मारायला उतरायच्या आत परत बंद करायची. या घाईत एकदा पिस्टन पिनची जुनीच सर्क्लिप, म्हणजे पिन जागेवर धरणारी तारेची कडी, परत लावली. चार रुपयांची वस्तू, पण रविवारी दुकान बंद होतं आणि इंजिन उघडं ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या आठवड्यात ती सर्क्लिप सुटली आणि सिलेंडरला वरपासून खालपर्यंत खोल ओरखडा पाडून गेली.

म्हणून घरच्या घरी वर्कशॉप करायचं असेल तर हत्यारांच्या याद्या नंतर. आधी एकच बघा: गाडी उघडली आणि तीन महिने तशीच पडून राहिली, तर चालेल का? चालत असेल तर तुमच्याकडे वर्कशॉप आहे, मग भले त्यात चारच पाने असोत.

माझ्या वाट्याला अशी जागा पन्नाशी उलटल्यावर आली. खारेगावात मामांचं किराणा दुकान होतं. मामा गेले, दुकान बंद झालं, मागे मामी राहते. तीच म्हणाली, "अरे, शटर नुसतं पाडून ठेवलं की गंजतं. तू वापर. पण दिवेलागणीनंतर ठोकाठोकी नको, आणि तुझ्या त्या फटफटीचा धूर माझ्या कुरडयांना लागता कामा नये." दोन्ही अटी मी आजवर पाळल्या आहेत. पहिली जरा जास्त.

जागा आखताना

दुकान दहा बाय तेरा फूट. मोटरसायकल साधारण साडेसहा फूट लांब आणि हँडलपाशी अडीच फूट रुंद. तिच्या तिन्ही बाजूंनी माणूस उकिडवा बसू शकला पाहिजे, म्हणजे प्रत्येक बाजूला किमान अडीच फूट मोकळे. कागदावर आखू नका. खडूने जमिनीवर गाडी, टेबल, मांडणी काढा आणि हातात एक चाक घेऊन त्यातून फिरा. चाक कुठेतरी आपटलं की आखणी बदला. मी तीनदा बदलली.

जमीन शहाबादी फरशीची. सांध्यांमध्ये वॉशर आणि स्प्रिंगा गायब होत होत्या, म्हणून सगळे सांधे सिमेंटने भरून घेतले. सांडलेल्या तेलावर वखारीतला लाकडाचा भुसा टाकायचा, तासाभराने झाडायचा. तेलकट भुसा खोलीत साठवून ठेवायचा नाही.

विजेच्या कामात हौस नको. परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा आणि कॉम्प्रेसरला १६ अँपिअरची वेगळी लाइन द्या. बोर्ड किती उंचीवर लावायचे हे आमच्या भिंतीनेच सांगितलं. २६ जुलै २००५ला दुकानात पाणी शिरलं होतं आणि मामांनी ओसरल्यावर पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. माझ्या मांडीपर्यंत येते. सगळे सॉकेट, चार्जर आणि इंजिनं त्या रेघेच्या वर आहेत. खाडीकाठच्या कळवा-खारेगावात तळमजल्यावर कुणी असाल तर अशी रेघ शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना इंचापर्यंत आठवत असते.

ट्यूबलाइट डोक्यावर एकच नको. दोन लावा, गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूला, नाहीतर नेमकं बघायचं तिथे आपल्याच डोक्याची सावली पडते.

गल्ल्याचं सागवानी टेबल मी चार इंच कापून घेतलं, कारण व्हाइसच्या, म्हणजे वस्तू आवळून धरायच्या शिकंज्याच्या, जबड्याचा वरचा काठ आपल्या कोपराच्या उंचीला यावा लागतो. उंच झाला तर कानस चालवताना खांदे भरून येतात. जबड्यावर ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या टोप्या करून ठेवा. हे न केल्याने मी एका शाफ्टवर करवतीसारखे दात उमटवले आहेत.

बरण्या आणि पेन्सिल

सुटे भाग ठेवायला मामांच्या मांडणीइतकी चांगली व्यवस्था विकत मिळणार नाही. बरण्या, पत्र्याचे डबे, खण. ज्यांच्याकडे किराणा दुकान नाही त्यांनी श्रीखंडाचे डबे जमवावेत. एका डब्यात एकाच ठिकाणचे स्क्रू: मॅग्नेटो कव्हर, क्लच कव्हर, कार्ब्युरेटर. "सगळे स्क्रू एका ताटात" हा पार्किंगचा संस्कार होता, तो मोडायला मला वर्ष लागलं.

डब्यावर मार्करने लिहू नका. थिनरचा किंवा पेट्रोलचा हात लागला की नाव पुसतं. जाड कागदाच्या चिठ्ठीवर साध्या पेन्सिलीने लिहून चिठ्ठी डब्यात टाका. पेन्सिल पेट्रोलने जात नाही.

गाडी आली की आधी धुवू नका. मळ कुठे साचलाय त्यावरून गळती कुठे आहे ते कळतं. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, विशेषतः वायरी आणि केबली कुठून कशा गेल्यात त्यांचे. आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. जुळत नसेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि फ्रेम सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने गंज-रंग काढायला) देताना नंबरावर जाड टेप लावा. आरटीओत नंबराचं पेन्सिल ट्रेसिंग मागतात, तेव्हा तिथे सपाट पत्रा असून चालत नाही. ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना २०२१च्या नियमांनी विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. माझी येझदी रोडकिंग १९८२ची, तिला अजून वेळ आहे, तोवर नेहमीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर.

गंज

पहिल्याच पावसाळ्यात मी बोअर करून (आतून कापून थोडं मोठं करून) आणलेलं सिलेंडर रात्री टेबलावर ठेवलं. सकाळी आतून केशरी. एका रात्रीत. खाडीची हवा आणि जुलै, बिडाला एवढं पुरतं. मग पुढचं सगळं शिकलो.

बोअर होऊन आलेली वस्तू घरात पाऊल टाकताच कोरडी पुसून तिला टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) चोपडायचं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवायची. वर्तमानपत्रात थेट गुंडाळायची नाही, कागद ओल धरतो. बेअरिंगं पुडक्यातून बसवायच्या दिवसापर्यंत काढायची नाहीत. मोजमापाची हत्यारं, म्हणजे व्हर्निअर, मायक्रोमीटर, फीलर गेज, यांना लोखंडी कपाट आणि त्या कपाटात तळाशी जुना पिवळा बल्ब, जून ते सप्टेंबर पेटता. एलईडी चालत नाही, इथे उजेड नको, ऊब हवी. बल्बला काही टेकणार नाही एवढं बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे संडास साफ करायच्या ॲसिडने खोलीतच गंज काढणं. त्याच्या वाफेने चकचकीत पान्यांवर दोन दिवसांत तांबूस थर येतो. मी गंज काढतो तो मागच्या पडवीत, प्लॅस्टिकच्या टबात. पाण्यात धुण्याचा सोडा कालवायचा, बॅटरी चार्जरची ऋण वायर गंजलेल्या भागाला आणि धन वायर साध्या लोखंडी सळीला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. स्टेनलेसची सळी वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, तेव्हा मोकळी हवा हवी आणि जवळ ठिणगी नको. वायरी हलवण्याआधी चार्जर बंद.

टाकीचं वेगळं. पूर्ण रिकामी करून आत सायट्रिक ॲसिडचं पाणी, मग सोड्याचं पाणी, मग खडखडीत वाळवून लगेच थोडं तेल फिरवायचं. टाकीला भोक असेल तर स्वतः वेल्डिंग करू नका. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि स्फोट वाफेचाच होतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं, त्यामुळे महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवतो. जुने रबरी पाइप मी सरसकट बदलले.

अग्निशामक शटरपाशी टांगा. आग लागली की आपण दाराकडे पळतो, कोपऱ्याकडे नाही.

काय घरी, काय बाहेर

हत्यारं एका गाडीपुरती घ्या. येझदी-जावाला मिलिमीटरचे पाने लागतात, जुन्या बुलेटला विटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचेही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला एक दुपार घालवली की बरंच होतं. रिंग पाने चांगले घ्या, बाकीचे मध्यम चालतील. हातोड्याने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि तुमच्या गाडीचा मॅग्नेटो ओढून काढायचा पुलर, या दोन गोष्टी नसतील तर इंजिनाला हात लावू नका. छिन्नीने सैल केलेला नट मला लांबून ओळखता येतो, कारण तशा बऱ्याच नटांचा कर्ता मीच आहे.

बेअरिंग बसवायचं काम घरी छान होतं. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, प्लॅस्टिकमध्ये बांधून, मामीच्या मटारशेजारी. सकाळी इंजिनाची केस हीटगनने सगळीकडून सारखी तापवायची. पाण्याचा थेंब टाकला की चर्र व्हायला हवं. मग बेअरिंग हातानेच सरळ खाली बसतं. ठोकावं लागलं तर थांबा, तिरकं गेलंय.

क्रँक दाबून उघडणं-जोडणं, बोअरिंग, क्रोम आणि पावडर कोटिंग, ही कामं बाहेरची. ठाणेकरांना वागळे इस्टेट आहेच. बोअरिंगला जाताना पिस्टन हातात असू दे. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद पडला, त्यामुळे हवा तो ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा, पिस्टन मिळेलच असं नाही. आधी ०.५० मिलिमीटरचं बोअर करून मग पिस्टन शोधत फिरणारे भेटतात. मी त्यातलाच. पावडर कोटिंगआधी बेअरिंगच्या जागा आणि आटे झाकून घ्या, नाहीतर आठवडाभर कानस घासत बसाल. क्रोमला दिलेल्या प्रत्येक नगाचं चित्र वहीत काढून त्यांची सही घ्या. एकदा माझे दोन नट आणि एक क्लॅम्प "दिलेच नव्हते" झाले होते.

पहिल्यांदा गाडी चालू करायचा मुहूर्त मी खंडेनवमीला धरला. पान्यांना झेंडू वाहिला, लिटरला ४० मिली टूटी ऑइल घातलेलं पेट्रोल भरलं, गाडी शटरबाहेर तोंड करून उभी केली. रोडकिंगची गिअरची दांडी आत दाबून वर उचलली की तीच किक होते. अकराव्या किकेला धरली. दोन सायलेन्सरांतून निघालेला धूर थेट गच्चीकडे गेला, पण ऑक्टोबरात कुरडया नसतात, हे मी आधीच बघून ठेवलं होतं.

सध्या टेबलावर दुसरं इंजिन आहे, दिवाळीपासून उघडं. पिस्टन यायचाय. शटर अर्धं वर असलं की अजून कुणी कुणी दुकान समजून डोकावतं. परवा एक मुलगा पाव किलो रवा मागायला आला. बरणीवर रवाच लिहिलंय, आत क्लचच्या कॉर्क प्लेटा तेलात भिजत पडल्यात.