वनस्पतीची किंवा प्राण्याची एखादी जात इथे आहे आणि तिथे नाही, ते शेजारच्या जातीमुळे का? असं तपासा

एखादं रोप एका पट्ट्यात भरपूर आणि दहा पावलांवर एकदम गायब, असं दिसलं की आपण लगेच म्हणतो तिथली माती मानवत नसेल. असेलही. पण कितीदा तरी तिथे ते मजेत जगू शकतं, फक्त शेजारी जगू देत नाही, आणि हे नुसतं बघून कधीच कळत नाही, शेजारी काढूनच बघावा लागतो.

सुरुवातीला जागेवरून न हलणाऱ्या दोन जाती घ्या, गवत, तण असं काहीही. एकीचा पट्टा संपून दुसरीचा सुरू होतो तिथे आडवी दोरी टाका, दर मीटरला चौकट ठेवून रोपं मोजा. सीमा स्पष्ट दिसेल, पण बहुतेक जण इथेच थांबून 'स्पर्धा आहे' म्हणून मोकळे होतात, तसं करू नका, अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

आता दुसरीच्या पट्ट्यात चौकटींच्या पाच-सहा जोड्या आखा. जोडीतल्या कुठल्या चौकटीतून दुसरी जात काढायची ते नाणं उडवून ठरवा, कारण आपला हात नकळत चांगल्या जागेकडेच जातो. मग दोन्ही चौकटींत पहिलीची सारखीच रोपं लावा. काढताना उपटू नका, जमिनीलगत कापा, उपटलं की माती भुसभुशीत होते आणि मग फरक कशामुळे पडला तेच कळत नाही. परत फुटलं की परत कापा, अख्खा हंगाम.

हे सगळ्यात सुंदर करून दाखवलं जोसेफ कॉनेल या पर्यावरणशास्त्रज्ञाने, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, १९६१ साली छापून आलं. खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल या छोट्या कवचवाल्या समुद्री प्राण्यांचे दोन प्रकार, थॅमॅलस किनाऱ्यावर वर आणि बॅलॅनस खाली, पाण्याच्या बाजूला. त्याने वरचे थॅमॅलसवाले दगड खाली आणून बसवले आणि दगडाच्या एका भागावरून बॅलॅनस साफ करत राहिला. साफ भागावर थॅमॅलस छान जगले, दुसऱ्या भागावर बॅलॅनस त्यांच्या अंगावर वाढला, खालून शिरून त्यांना उचकटलं, चिरडलं. म्हणजे खालची जागा थॅमॅलसला चालत होती! उलट बॅलॅनस वर जात नाही तो कोरडेपणामुळे, शेजाऱ्यामुळे नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी तपासा, सीमा एकच असली तरी कारणं दोन असू शकतात.

कुंडीत करायचं असेल तर चार प्रकार लावा, एकटं रोप, त्याच जातीची दोन, दुसऱ्या जातीची दोन, आणि दोन्हींचं एकेक. एकाच जातीची दोन का, तर नुसत्या गर्दीनेही रोप खुरटतं, ते वेगळं काढायला. शेवटी वाळवून वजन करा, उंचीवर जाऊ नका, सावलीतलं रोप उंच पण किडकिडीत होतं. जमलं तर दोन प्रकारच्या मातीत करा, टान्सली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये गॅलियम नावाच्या लहान रोपाच्या दोन जाती चुनखडीच्या आणि आम्लधर्मी मातीत अशाच लावल्या होत्या, एकट्या असताना दोघी दोन्हीकडे वाढल्या, एकत्र लावल्यावर जिची तिची माती तिथे ती जिंकली.

प्राण्यांच्या बाबतीत जपून. ब्रिटनमध्ये करडी खार आली आणि लाल खार मागे हटली, त्यात खाण्यावरून स्पर्धा आहेच, पण करड्या खारींमार्फत पसरणारा देवीच्या रोगासारखा रोग करणारा विषाणूही आहे जो लाल खारींना मारतो. त्यामुळे 'स्पर्धा' लिहायच्या आधी रोग आणि दोघांना खाणारा शिकारी, दोन्ही बघून घ्या.