गटप्रवर्तक झालीस ना? मग हे वाच

ऑर्डर हातात आली म्हणून तू कोणाची साहेबीण झाली नाहीस, हे आधी डोक्यात बसव. तुझ्या गटात वीस-बावीस आशा असतील, म्हणजे गावोगावी घरभेटी देणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या. त्यांच्या कामावर लक्ष ठेवणं नि त्यांना मदत करणं, हे गटप्रवर्तकाचं काम. त्यांची निवड ग्रामसभेतून झालेली, काही पैसे कामागणिक मोबदला म्हणून मिळतात, कोणाला ठेवायचं नि कोणाला काढायचं हे तुझ्या हातात नाही. तू स्वतः मानधनावर. पण एखाद्या गावात गृहभेटी कमी पडल्या की आढावा बैठकीत उभं तुलाच करतात. यवतमाळ जिल्ह्यात मी अकरा वर्षांपासून हेच करते आहे. बावीस आशा, एकोणीस गावं, आणि त्यातल्या अर्ध्या गावांत एसटी दिवसातून दोनदा.

पहिल्या वर्षी मी दोन घोडचुका केल्या. एक म्हणजे मासिक बैठक पोळ्याच्या करीच्या दिवशी ठेवली. बावीसपैकी पाच आल्या, नि त्याही माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहत होत्या. दुसरी चूक जास्त महाग पडली. भर बैठकीत मी यादी वाचली, कोणाच्या किती भेटी शून्य. चौथं नाव घेतलं तेव्हा ती बाई उठली, पिशवी उचलली नि निघून गेली. पुढं सहा महिने ती फोनवर फक्त ‘हो मॅडम’ म्हणायची. काम तेवढंच, शून्य. तेव्हापासून नियम केला: चांगलं असेल ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं, चुकलं असेल ते तिच्या घरी जाऊन, दोघीच असताना बोलायचं.

आणि बोलायचं म्हणजे विचारायचं. ‘काहून केलं नाही’ असं नाही, ‘दाखव बरं, कसं करतेस’ असं.

ते मी शिकले एका वजनकाट्यावरून. नवजात बाळासाठी आशाला घरी जायचं असतं, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की 250 रुपये. एका आशाच्या फॉर्मवर प्रत्येक बाळाचं पहिलं वजन अडीच किलो. सलग सात बाळं, सगळी अडीच! अडीचच्या खाली बाळ कमी वजनाचं धरतात, म्हणजे बाई घरी बसून फॉर्म भरते आहे, असंच मला वाटलं. नोटीस काढायला लावावी असंही मनात आलं होतं. पण सहाच्या एसटीनं तिच्या गावी गेले. कापूस वेचणीचे दिवस होते, आठनंतर गावात बाई सापडत नाही. तिच्यासोबत बाळंतिणीच्या घरी गेले. तिनं झोळीचा काटा आढ्याच्या खुंटीला टांगला, अजून बाळ ठेवलंही नव्हतं, नि सुई चारशे ग्रॅमवर. टिचकी मारली, सहाशेवर गेली.

“मॅडम, काटाच खोटं बोलते,” ती म्हणाली. “मंग मी पोट्टं पाहून अंदाजानं लिहितो. तीनदा सांगतलं, कोणी आयकत नाही.”

तीनदा सांगितलं त्यात एकदा मलाच सांगितलं होतं. मी विसरले होते.

आता असं काही वर सांगायचं कसं, तेही शिकावं लागतं. ‘काटे खराब आहेत’ असा अर्ज केला असता तर तो फायलीत पडला असता. मी दोन गावांचे काटे नि दुकानातून एक किलो मिठाची पुडी घेऊन आरोग्य केंद्रात गेले, डॉक्टरसाहेबांच्या खोलीतल्या खिडकीच्या गजाला काटे टांगले. तीच पुडी एकावर चौदाशे, दुसऱ्यावर नऊशे. साहेबांनी स्वतः उठून पुन्हा टांगून पाहिली, मग स्टोअरवाल्याला हाक मारली. पंधरा दिवसांत नवे काटे आले. साहेबांना मी काहीच म्हटलं नाही, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तू पण वरच्या माणसाला वस्तू दाखव, तक्रार नको सांगू.

नव्या काट्यावर त्या बाईनं पुढच्याच महिन्यात एक बाळ 1 किलो 900 चं पकडलं नि ग्रामीण रुग्णालयात पोचवलं. त्यानंतर मला तिला काही सांगावं लागलं नाही. तीच बाकीच्या गावांत मिठाची पुडी घेऊन काटे तपासत फिरली.

हे महत्त्वाचं आहे. बैठकीत कोण बोललं की बाकीच्या माना हलतात, ते बघून ठेव. ती सहसा जास्त शिकलेली नसते, पुढं बसणारीही नसते. आमच्याकडं ती एक पन्नाशीची बाई, मागच्या भिंतीला टेकून बसते, अर्धा वेळ विड्याच्या पानाचे देठ खुडते. नवा फॉर्म आला की मी बैठकीच्या आदल्या दिवशी तिच्या घरी जाते, चहा घेते, फॉर्म दाखवते. ती म्हणते, “हे खाना कायले पाह्यजे?” कधी तिचं बरोबर असतं, तेव्हा मी ते खरंच वर कळवते. दुसऱ्या दिवशी कुरकुर सुरू झाली की उत्तर ती देते, मी नाही.

मदत कर, पण कारकून होऊ नकोस. मी एकीचं रजिस्टर दोन महिने भरून दिलं, कारण तिची सासू आजारी होती. तिसऱ्या महिन्यात सासू बरी झाली तरी रजिस्टर माझ्याच पिशवीत आलं! आता शेजारी बसते, पहिल्या दोन ओळी मी भरते, पेन तिच्या हातात देते. पैसे उसने तर देऊच नकोस. तुझं मानधनही वेळेवर येत नाही, विसरू नकोस.

मोबदल्याचे फॉर्म तुझ्या हातून पुढं जातात. तेवढी एक काठी तुझ्याजवळ आहे. ‘काम नाही तर फॉर्म अडवीन’ असं एकदा म्हटलंस तर त्या महिन्यात काम होईल, नंतर कोणी खरं सांगणार नाही. न केलेली भेट मात्र खोडायचीच, तिच्यासमोर, तिला सांगून. माझं उलटं असतं, फॉर्म पाच तारखेला पुढं गेले पाहिजेत म्हणून चार तारखेच्या रात्री मी बेरजा तपासत बसते. कोणाचे पन्नास रुपये सुटले असले तर फोन करून सांगते. 2023 च्या ऑक्टोबरात आशांचा संप झाला, तेव्हा आम्ही गटप्रवर्तकही त्यांच्यासोबत बसलो होतो. त्याचाही हिशेब बायका ठेवतात.

सगळ्यांना जमवता येत नाही, हेही सांगते. एका गावची आशा दोन वर्षांपासून माझं ऐकत नाही. घरी गेले, विचारलं, काटा बदलून दिला, त्या पन्नाशीच्या बाईला मध्ये घातलं. शेवटी तिलाच आधी सांगितलं की आता मी साहेबांना कळवणार, नि मग कळवलं. तिच्या माघारी नाही गेले. परवा तिचा पहिल्यांदाच स्वतःहून फोन आला, चौदाव्या दिवसाच्या भेटीत बाळ अंगावर पीत नाही म्हणून. उद्या सहाच्या एसटीनं तिकडंच चालले आहे.