मैदा-मिठाच्या वस्तू वाळताना तडकत होत्या, त्यावर लागू पडलेला उपाय

मुलांनी मैदा-मिठाच्या गोळ्यातून केलेल्या चांदण्या, हाताचे ठसे वाळले की मधोमध भेग पडायची, कडा वर वळायच्या, ओव्हनमध्ये फुगे यायचे. पाणी कमी केलं, तेल घातलं, कडक उन्हात ठेवलं, फरक शून्य. लेकीचा पडलेला चेहरा बघवत नव्हता.

खरी गोम वाळण्याच्या वेगात आहे. वरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो आणि त्या ताणाने भेग पडते.

दोन वाट्या मैदा नि एक वाटी बारीक मीठ आधी कोरडंच मिसळा. कोमट पाणी पाऊण वाटी घाला, लागलं तर चमच्याचमच्याने वाढवा. दहा मिनिटं चांगलं मळा. चिमटीत दाबल्यावर गोळ्याच्या कडेला चिरा दिसल्या, तर अजून मळायला हवं. मग अर्धा तास झाकून ठेवा.

बेकिंग पेपरवरच लाटा, सगळीकडे सारखं, साधारण 6 मिलिमीटर जाड. टांगायचं भोक आत्ताच स्ट्रॉने पाडा. रात्रभर सावलीत ठेवा, मध्ये एकदा उलटा. सकाळी ओव्हन 100 अंश सेल्सिअसला, दोन-तीन तास, दर अर्ध्या तासाने उलटत. बंद करून वस्तू आतच गार होऊ द्या. ही पायरी अजिबात गाळू नका.

रंग पूर्ण गार झाल्यावरच. मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून वॉर्निश दोन्ही बाजूंनी लावा, ते मोठ्यांनीच.

कच्चा गोळा मुलांच्या किंवा कुत्र्या-मांजराच्या पोटात जाऊ देऊ नका, एवढं मीठ घातक असतं.