मासे किती खाता?

कारखान्याशेजारच्या वस्तीतले लोक "आमच्या अंगात पारा भिनलाय" म्हणत आले की माझा पहिला प्रश्न हाच. लोक चिडतात. चिडू द्या.

पहिल्या वेळी मी हे विचारलं नव्हतं. चाळीस जणांची लघवी तपासून घेतली, काही सापडलं नाही, आणि मी "काळजी नको" सांगून मोकळा झालो. माणसं तळ्यातले मोठे मासे खाणारी होती. गाळातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पारा करतात, तो शिकारी माशांत साठतो आणि लघवीत फारसा उतरतच नाही. तो शोधायचा रक्तात किंवा केसांत. लघवी तपासायची ती पाऱ्याची वाफ श्वासावाटे गेली असेल तेव्हा.

म्हणून असा तपास करायचा तर आधी घरोघरी बसा. थर्मामीटर किंवा दिव्यांच्या कारखान्यात कोण जातं? कामाचे कपडे घरीच धुतात का? चेहरा उजळायचं क्रीम कोण लावतं? (काही क्रीममध्ये पारा असतो. दोष कारखान्याला आणि पारा डबीत, असंही निघतं.) हात थरथरणं, बोटं बधिर होणं, तोल जाणं नोंदवा, पण तेवढ्यावरून निदान करू नका. मांजरांचंही विचारा. जपानमधल्या मिनामाताचा आजार (कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांवाटे माणसांत गेला होता) 1956 मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला, त्याआधीच तिथली मांजरं झटके येऊन मरत होती.

केस डोक्याच्या मागून, मुळाशी कापा आणि मुळाकडचं टोक दोऱ्याने बांधा. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कुठल्या महिन्यात किती पारा आला तेही कळतं. टोकं उलटसुलट झाली की हा हिशेब गेला.

पाण्यापेक्षा गाळ जास्त बोलतो. सांडपाण्याच्या तोंडाशी एक नमुना घ्या, प्रवाहाच्या वरच्या बाजूला एक. पाण्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच मागा. साध्या प्लास्टिकमध्ये पारा टिकत नाही. शुद्ध पाण्याची एक बाटलीही सोबत न्या, जागेवर उघडून बंद करा आणि बाकीच्यांबरोबर तपासायला द्या. तिच्यात पारा निघाला तर गोंधळ तुमच्या हाताळणीत आहे.

कुणी "आधी पारा बाहेर काढायचं औषध घ्या, मग लघवी तपासू" म्हणालं तर नकार द्या. त्या औषधाने निरोगी माणसाचाही आकडा वाढतो.

निकाल ज्याचा त्याला, एकट्याला, आधी सांगा. गरोदर बाईला "मासे बंद" म्हणू नका, मोठ्यांऐवजी लहान मासे खायला सांगा.